मागच्या डाव्या बर्नरची चौकशी

मुरलीधर हरकरे गॅस पेटवायला विसरतात, असा त्यांच्या सुनेचा आरोप होता. तिने तो मोठ्या आवाजात केला नाही. वीणा साउथहॅम्प्टनच्या रुग्णालयात वृद्धांच्या विभागात कन्सल्टंट होती, आणि आवाज चढवल्याखेरीज ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांशी दिवसभर बोलून आल्यावर घरी तिचा आवाज आपोआप खाली येई. तिने एवढेच सांगितले की, गेल्या काही दिवसांत दोनदा ती घरी आली तेव्हा शेगडीवर झाकलेले पातेले होते, नॉब चालू होता आणि ज्योत नव्हती. दोन्ही वेळा पातेले थंडगार होते आणि दोन्ही वेळा आप्पा बाहेरच्या खोलीत खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"मी झोपलो नव्हतो," मुरलीधर म्हणाले.

"मी झोपलात असं म्हटलं नाही, आप्पा."

"डोळे मिटून, असं म्हणालीस. ऐकणारा त्याचा एकच अर्थ काढतो."

मुरलीधर अमरावतीच्या दिवाणी न्यायालयातून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते आणि पत्नीच्या निधनानंतर मुलाकडे, माधवकडे, कायमचे राहायला आले होते. सकाळी माधव बसने ऑफिसला आणि वीणा कारने रुग्णालयात गेली की संध्याकाळपर्यंत घर त्यांचे एकट्याचे असे. त्या वेळात ते स्वतःपुरता वरणभात करीत, वाचन करीत, आणि रेडिओवर बोलणाऱ्यांची मते मुद्देसूद खोडून काढीत. रेडिओवर बोलणाऱ्यांना ते ऐकू जात नसे, हा त्यांच्या मते त्या यंत्राचा एकमेव दोष होता. या परदेशात त्यांना जे काही स्वतःचे म्हणता येत होते ते हे सहासात तास होते, आणि आता तेच पणाला लागले होते.

"पुन्हा एकदा असं झालं," वीणा म्हणाली, "तर दिवसा तुम्हाला घरी एकटं ठेवता येणार नाही. जवळच वृद्धांसाठी एक डे सेंटर आहे. त्यांच्याकडे जागा आहे, मी विचारून ठेवलंय."

"तिथे काय करतात?"

"लंच असतं. सिंगिंग असतं. खुर्चीत बसून बलून व्हॉलीबॉल खेळतात."

"मध्ये जाळी असते?"

"कसली जाळी?"

"व्हॉलीबॉलची."

"मला माहीत नाही, आप्पा."

"म्हणजे ज्या संस्थेची तुला पुरती माहिती नाही, तिथे तू मला पाठवणार."

माधव वर्तमानपत्राआड गेला. तो स्वभावाने शांतताप्रिय होता, आणि या घरात शांतता वर्तमानपत्राआडच मिळते हे त्याला अनुभवाने कळले होते.

जेवणानंतर वीणाने सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून काही प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली. मुरलीधरांनी ती दिली आणि प्रश्नांच्या स्वरूपाविषयी हरकत घेण्याचा हक्क राखून ठेवला. आज वार कोणता, हे त्यांनी सांगितले. ऋतू कोणता, या प्रश्नावर ते थबकले.

"इथल्या हवामान खात्याच्या मते हिवाळा, आपल्या पंचांगाप्रमाणे शिशिर. खिडकीतून पाहिलं तर दोहोंनाही पुरावा नाही. तुला कोणतं उत्तर हवं?"

"कुठलंही चालेल."

"ज्या प्रश्नाला कुठलंही उत्तर चालतं तो प्रश्नच नव्हे."

इथल्या पंतप्रधानांचे नाव त्यांनी सांगितले. नाव सांगणे म्हणजे पसंती दर्शवणे नव्हे, असेही नमूद करायला लावले. शंभरातून सात-सात वजा करीत ते दोनवर येऊन थांबले आणि पुढे ऋण संख्यांत जायचे आहे का, म्हणून त्यांनी विचारले. सफरचंद, टेबल आणि नाणे हे तीन शब्द त्यांनी मागाहून बिनचूक परत केले.

"पूर्ण मार्क," माधव वर्तमानपत्र खाली करून म्हणाला.

"त्यावरून काही ठरत नाही," वीणा म्हणाली. "खूप शिकलेल्या माणसांना हा पेपर सोपा जातो."

"अस्सं," मुरलीधर म्हणाले. "म्हणजे नापास झालो तर दोषी, पास झालो तर हुशार दोषी. मग दुसऱ्या पक्षाचीही तपासणी व्हायला हवी."

"दुसरा पक्ष कोण?"

"शेगडी."

शनिवारी सकाळी तिघेही स्वयंपाकघरात उभे राहिले. शेगडी चार बर्नरची होती आणि घराबरोबरच आलेली होती. वीणाने आपला मुद्दा मांडला. घरात शिरताना दोन्ही वेळा गॅसचा वास नव्हता. ज्योत पेटून मध्येच विझली असती तर गॅस सुटत राहिला असता आणि दारातच वास आला असता. म्हणजे ज्योत मुळात पेटलीच नव्हती.

"न पेटवता नॉब फिरवून ठेवला असता तरी वास यायला हवा होता," मुरलीधर म्हणाले. "तो का आला नाही?"

या प्रश्नाचे उत्तर माधवकडे होते, आणि आपल्याकडे उत्तर असल्याचे पाहून तो स्वतःच थोडा गांगरला. प्रत्येक बर्नरच्या कडेला काडीएवढी एक धातूची दांडी उभी होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे सेफ्टी डिव्हाइस आहे, आप्पा. नॉब दाबून धरून पेटवायचं. ही दांडी ज्योतीनं तापली की तीच आतला व्हॉल्व्ह उघडा धरते, मग नॉब सोडला तरी चालतं. ज्योत गेली की दांडी गार पडते आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद. आणि नुसता नॉब फिरवून सोडला तर गॅस येतच नाही."

मुरलीधरांनी वाकून दांडी पाहिली. "म्हणजे न पेटलेली शेगडी आणि विझलेली शेगडी, दोघीही सारख्याच गप्प."

"एक्झॅक्टली."

"मग वासाचा मुद्दा कोणाच्याच बाजूचा नाही. तो वगळा."

वीणाने तो वगळला. खरे म्हणजे तिला वगळावाच लागला. वरण मागच्या डाव्या बर्नरवर होते एवढे सर्वांना मान्य होते, म्हणून तिने त्यावर पाण्याचे पातेले ठेवले आणि गॅस मोठा केला. ज्योत निळी आणि स्थिर होती. पाणी उकळले. माधव म्हणाला, "बर्नर तर ठीक दिसतोय, आप्पा," आणि लगेच आपण हे बोलायला नको होते असे त्याला वाटले.

"मी वरणाला एवढी आच देत नाही," मुरलीधर म्हणाले. "बारीक कर."

वीणाने गॅस बारीक केला. तिघेही ज्योतीकडे पाहत राहिले. बारीक ज्योतीकडे तीन सुशिक्षित माणसे किती वेळ पाहत राहू शकतात याला मर्यादा असते. पाहता पाहता माधवने विचारले की, अमरावतीला कोणती शेगडी होती, मुरलीधर म्हणाले, पितळी बर्नरची, वीणा म्हणाली, पितळी नव्हे, लग्नात आईंनीच ती मला दाखवली होती, आणि पितळेविषयीचा वाद बराच पुढे गेल्यावर माधव म्हणाला, "अरे, ही गेली."

ज्योत विझली होती आणि ती विझताना कोणीही पाहिली नव्हती.

"तुमचा कोपर लागला असेल," वीणा म्हणाली.

"माझे दोन्ही हात पाठीमागे होते. मी बोलताना हात पाठीमागे घेतो. एवढं तरी तुला माहीत असायला हवं."

तिला ते माहीत होते. तिने ज्योत पुन्हा पेटवली, आणि नॉब सोडताच या वेळी ती लगेच विझली.

माधवला हुरूप आला. "सोपं आहे. नॉब दाबलेला ठेवला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. इंजिनिअर येईपर्यंत एक लाकडी उलथनं आडवं टेकवून टेप लावतो, काही प्रॉब्लेम नाही." आणि तो खरोखरच ड्रॉवरमध्ये टेप शोधू लागला.

"माधव, हात काढ," मुरलीधर म्हणाले. घरात गेल्या कित्येक महिन्यांत ऐकू न आलेला तो आवाज अमरावतीच्या न्यायालयाचा होता. "मग ज्योत गेल्यावर गॅस कोण थांबवील? तुझा टेप?"

"दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे."

"या साऱ्या प्रकरणात एकच साक्षीदार आहे, ही दांडी. ती काय सांगते ते आपल्याला कळत नाही, म्हणून तिच्या तोंडात बोळा कोंबायचा? मला निर्दोष ठरायचं आहे. त्यासाठी मी घर उडवणार नाही."

"आप्पा बरोबर बोलताहेत," वीणा म्हणाली. "वॉर्डमध्ये मॉनिटर वाजायला लागला की आम्ही पेशंटकडे बघतो. मॉनिटरची वायर नाही काढत."

सासरे आणि सून एकाच बाजूला उभे राहिल्याचा हा प्रसंग असा अनपेक्षित होता की माधवने ड्रॉवर हळूच बंद केला. मग आपण निदान बर्नर उघडून पाहू, असे तो म्हणाला. गॅसच्या जोडणीला हात घालणे हे जाणकार, नोंदणीकृत माणसाचे काम आहे, आणि तू बँकेची सॉफ्टवेअरं लिहितोस, असे उत्तर त्याला दोन्ही बाजूंनी मिळाले. शेगडीकडे जाणाऱ्या नळीचा कॉक बंद करण्यात आला. रविवारी सर्वांनी मायक्रोवेव्हमधली खिचडी खाल्ली आणि तिच्याविषयी कोणी काही बोलले नाही.

सोमवारी वीणाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गॅस इंजिनिअरचे नाव कीथ होते. तो धिप्पाड आणि मितभाषी होता. त्याने आपले नोंदणीचे कार्ड दाखवले. मुरलीधरांनी ते दोन्ही बाजूंनी वाचले आणि छायाचित्र त्याच्या चेहऱ्याशी ताडून पाहिले. आजवर कार्डाची मागची बाजू कोणी वाचली नव्हती, असे कीथ म्हणाला. ती वाचण्यासाठीच छापलेली असते, असे मुरलीधरांनी त्याला सांगितले.

कीथने खिडकी उघडली, कॉक उघडला, आणि चारही बर्नर एकेक करून आधी मोठे, मग बारीक ठेवून पाहिले. तीन बर्नर बारीक आचेवरही निमूट जळत राहिले. मागचा डावा थोड्या वेळाने टक् असा आवाज करून विझला. वीणाने तो टक् या वेळी स्पष्ट ऐकला. मुरलीधरांनी तिच्याकडे पाहिले नाही, आणि पाहिले नाही हे तिला दिसेल अशी काळजी घेतली.

कीथने गॅस बंद केला, बर्नर गार होऊ दिला, वरची झाकणे काढली आणि टॉर्च धरला. "यावर काहीतरी सांडलंय. वरून शेगडी अगदी लख्ख पुसलीय, पण थर्मोकपलच्या टोकावर जळून खरपुडी बसलीय," तो म्हणाला. थर्मोकपल म्हणजे ती काडीएवढी दांडी. "त्यामुळे मोठ्या आचेवर ती कशीबशी तापते, बारीक आचेवर नाही. काय सांडलं होतं?"

"काही नाही," वीणा म्हणाली.

"दूध," मुरलीधर म्हणाले.

वीणाने मान वळवली.

"किती?" कीथने विचारले.

"अर्धा लिटर असेल."

"लक्ष नव्हतं?"

"पूर्ण लक्ष होतं. मी समोर उभा होतो."

"मग गॅस बंद का नाही केला?"

"ते उतू जावं म्हणूनच ठेवलं होतं. उतू गेलं, ज्योत विझली. शेगडी गार झाल्यावर मी सारं स्वच्छ पुसलं. त्या दांडीला हात लावला नाही. ज्या वस्तूचं कार्य ठाऊक नाही तिला मी हात लावत नाही."

कीथने टॉर्च बंद केला आणि मुरलीधरांच्या डोक्यावरून वीणाकडे पाहिले. ती नजर वीणाच्या ओळखीची होती. म्हाताऱ्या रुग्णाच्या डोक्यावरून त्याचे नातेवाईक तिच्याकडे अशीच नजर टाकीत, आणि तीही कित्येकदा तशाच नजरेने उत्तर देई. ती नजर पलीकडून कशी दिसते हे तिने आज पहिल्यांदा पाहिले, आणि तिला राग आला.

"आमचा सण असतो," ती कीथला म्हणाली. "सूर्याचा. रथसप्तमी. त्या दिवशी दूध मुद्दाम उतू घालवतात. शुभ असतं. आम्ही सगळेच करतो." तिने स्वतः हे लग्नानंतर एकदाही केले नव्हते.

"सगळे करत नाहीत," मुरलीधर म्हणाले. "आणि शेगडीवर कोणीच करत नाही. ते अंगणात, तुळशीपुढे, गोवऱ्यांवर करायचं असतं. मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवल्या असत्या तर शेजारच्या बाईंनी आगीचा बंब बोलावला असता. शेगडी ही माझी स्वतःची तडजोड. हा बर्नर निवडला कारण चौघांत तो सर्वांत पूर्वेला आहे."

"आप्पा, मी तुमच्याच बाजूने बोलतेय."

"ते दिसतं. पण चुकीचं बोलतेस."

"मला हे सांगितलं का नाहीत? मी तुम्हाला इतके प्रश्न विचारले."

"तू ऋतू विचारलास. दुधाविषयी विचारलं नाहीस."

कीथने खिडकीबाहेर पाहिले. बंदराच्या बाजूने राखाडी ढग घरांच्या छपरांपर्यंत उतरले होते आणि पाऊस पडावा की पडू नये याविषयी आकाशाचा निर्णय होत नव्हता. "उपयोग झाला का?" त्याने विचारले.

"अद्याप उत्तर आलेलं नाही," मुरलीधर म्हणाले.

कीथने मान हलवली, जणू अशा कामात उत्तराला उशीर होतो हे त्यालाही ठाऊक होते. त्याने जुने थर्मोकपल एका छोट्या मीटरला जोडून वीणाला काटा दाखवला. तो जागचा जेमतेम हलला. व्हॅनमधून नवे आणून बसवल्यावर तोच काटा झपकन वर गेला. मग त्याने ज्योत पेटवून दिली, ती मुद्दाम विझवली, आणि कान देऊन उभा राहिला. थोड्या वेळाने टक् झाले, म्हणजे व्हॉल्व्हने गॅस तोडला. त्याने जोडांवर साबणासारखे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे पाहिले आणि घराच्या गॅस मीटरपाशी जाऊन दाब उतरत नाही याचीही खातरजमा केली. बाकीच्या तिन्ही बर्नरची थर्मोकपलेही त्याने मोजली. तिन्ही उत्तम होती.

"पुढल्या वर्षी हे बाहेर एखाद्या कॅम्पिंग स्टोव्हवर करा," जाताना तो म्हणाला. "आणि झाकणं पुसाल तेव्हा गार शेगडीवर हे टोकही ओल्या फडक्यानं पुसत जा. खरवडू नका. पुन्हा विझायला लागला तर वापरणं थांबवा आणि मला बोलवा. नॉबला टेकण लावणारी माणसंही मी पाहिलीयत."

"आमच्या घरात तसं कोणी नाही," मुरलीधर म्हणाले, आणि मुलाची अब्रू राखली.

दार बंद करून वीणा स्वयंपाकघरात परत आली. मग तिने फोन उचलला. "डे सेंटरला सांगून टाकते, जागा नको म्हणून. सॉरी, आप्पा. मी घाई केली."

"फोन ठेव."

"का?"

"पहिल्या वेळी पातेलं कुठल्या बर्नरवर होतं?"

"मागच्या डाव्या. दोन्ही वेळा."

"पाहिलं होतंस?"

वीणाने आठवून पाहिले. ती रात्रपाळीच्या गोंधळानंतर दिवसभर वॉर्डात थांबून आली होती. तिने पातेल्याला हात लावला होता, नॉब बंद केला होता आणि कपडे बदलायला वर गेली होती. "नाही," ती म्हणाली.

"पुढच्या उजव्या. भात होता. तू झाकण उघडलं नाहीस, ते मी उघडलं, तू वर गेल्यावर. तांदूळ कच्चे होते. नुसते पाण्यात फुगलेले."

पुढच्या उजव्या बर्नरच्या वेळी मीटरचा काटा झपकन वर जाताना दोघांनीही पाहिला होता.

"हे आत्ता कशाला सांगताय?" वीणा हळूच म्हणाली. "कोणाला कळलं नसतं."

"मला कळलेलं होतं. दोन आरोप होते. एकातून मी सुटलो. दोन्हींतून सुटल्यासारखं तू फोनवर सांगणार होतीस."

"आप्पा, ज्याला कुठला बर्नर, पातेल्यात काय, तांदूळ किती फुगलेले हे सगळं आठवतं, त्याच्या मेमरीबद्दल मी काय म्हणू?"

"मला तांदूळ आठवतात. पेटवल्याचं आठवत नाही. पेटवलं नाही असंही आठवत नाही. त्या जागी काहीच नाही." ते खुर्चीवर बसले. त्यांचे हात पाठीमागे नव्हते, मांडीवर होते. "तू हे रोज पाहतेस. ते असं असतं का?"

वीणाही बसली. उत्तर देण्यापूर्वी ती रुग्णालयात थांबत असे तितकीच थांबली. "कधी असं असतं," ती म्हणाली. "कधी माणूस फक्त दुसऱ्या विचारात असतो."

"फरक कसा ओळखतात?"

"वेळ लागतो. नीट तपासणी, ब्लड टेस्ट, बहुतेक स्कॅन. मी नाही करणार. घरच्यांनी करू नये. माझी एक कलीग आहे, ती चांगली आहे."

"वाद घालते?"

"तुमच्याएवढा नाही."

"घालणारी असती तर बरं. असो, वेळ ठरव." मग त्यांनी शेगडीकडे पाहिले आणि आपल्याच विरुद्ध निकाल देताना जसे बोलावे तसे, शब्द न गाळता म्हणाले, "निदान होईपर्यंत सकाळी जाताना कॉक बंद करून जात जा. मला डबा ठेव. घरी मात्र मी एकटा राहीन. ते मी सोडत नाही."

"ते मी आता मागत नाही," वीणा म्हणाली. "आणि संध्याकाळी वरण तुम्हीच करा. माझं पातळ होतं."

"तुझं पातळ होतं हे खरं आहे."

संध्याकाळी माधव घरी आला तेव्हा दोघेही स्वयंपाकघरात होते. वीणा कोथिंबीर निवडत होती. मुरलीधरांनी पातेले मागच्या डाव्या बर्नरवर ठेवले, नॉब दाबून धरला, ज्योत लागल्यावर थोडा वेळ थांबून सोडला आणि आच बारीक केली. ते दारापर्यंत गेले. तिथे थांबून, मागे न वळता, त्यांनी विचारले, "पेटली आहे ना?"

या घरात त्यांनी कोणाला असे काही पहिल्यांदाच विचारले होते. वीणाने कोथिंबीर खाली ठेवली, वाकून पातेल्याखाली नीट पाहिले आणि म्हणाली, "पेटली आहे, आप्पा."